घाडीगावकरांचं पित्त

ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टरांनी ती गुलाबी चौकटींची लांब पट्टी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि हृदय ठणठणीत आहे, घरी जाऊन आराम करा, असं सांगितलं. सुयोग घाडीगावकर पलंगावर बसून शर्टाची बटणं लावत होता. छातीला लावलेला गार चिकटा नीट पुसला गेला नव्हता, तो बनियनला लागला. अशा वेळी माणसाला हायसं वाटतं. सुयोगला वाटलं नाही. त्याची निराशा झाली होती, पण याला निराशा म्हणतात असं कोणी सांगितलं असतं तरी त्याने ते मानलं नसतं. त्याला एवढंच कळत होतं की हार्ट अटॅक असता तर बरं झालं असतं. हार्ट अटॅकला नाव असतं. लोक शहाळं घेऊन भेटायला येतात, पलंगाशी बसतात, आणि आजारी माणसाला स्वतः काही बोलावं लागत नाही. डॉक्टरांनी विचारलं, कसलं टेन्शन आहे का. नाही म्हणाला. घरी सगळं ठीक? ठीक. दारू? या प्रश्नाला मात्र त्याने खरं आणि अभिमानाने उत्तर दिलं, अकरा महिन्यांत थेंब नाही. "मग पित्त असेल," डॉक्टर म्हणाले. सुयोगने मान डोलावली. हे निदान त्याला लहानपणापासून पाठ होतं.

बाहेर बाकड्यावर नीलम बसली होती. तीच त्याला अंधेरीच्या ऑफिसातून रिक्षाने इथे घेऊन आली होती. दोघं एका इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागात शेजारी शेजारी बसत. सकाळी मालाडचा कुणी गृहस्थ फोनवर तणतणत होता, चार दिवस नेट बंद, मुलाचा इंटरव्ह्यू बुडाला, तुम्हाला काही वाटतं का. सुयोग रोजच्यासारखं म्हणत होता, आपल्याला झालेला त्रास मी पूर्णपणे समजू शकतो सर, आणि त्या वाक्याच्या मध्यावर कुणीतरी छातीवर पाटा ठेवावा तसं झालं. श्वास वरच्या वर राहिला. हाताला घाम फुटला. नीलमने नंतर सांगितलं की तू पांढराफटक पडलास, पण वाक्य मात्र पूर्ण केलंस, मानलं तुला यार. सुयोग हसला. वाक्य पूर्ण करण्यात त्याचा हात धरणारा त्या मजल्यावर कोणी नव्हता. दिवसभरात शंभर माणसांचं दुःख तो समजू शकत असे, आणि संध्याकाळी हेडफोन काढून ठेवला की कानाच्या पाळ्या तेवढ्या दुखत.

आदल्या संध्याकाळी श्वेताने, त्याच्या बायकोने, पुण्याच्या बदलीचं सांगितलं होतं. दुसऱ्या कोणी या दोन गोष्टी, आदली संध्याकाळ आणि छातीवरचा पाटा, एकाशेजारी एक ठेवून पाहिल्या असत्या. शाळकरी पोरानेही पाहिल्या असत्या. सुयोगच्या डोक्यात मात्र संध्याकाळ वेगळी आणि छाती वेगळी. श्वेता भाजी निवडता निवडता बोलत होती. बढतीवर बदली आहे, माझ्या श्रेयसदादाच्या बिल्डिंगमध्येच एक फ्लॅट रिकामा आहे, गंधालीला तिथल्या शाळेत नववीला प्रवेश मिळेल. सोमवारपर्यंत कळवायचंय. हे सगळं तिने ऑफिसातल्या आवाजात सांगितलं. मग पालेभाजीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "मी जाऊ की नको, हे नाही विचारत. मी जाणार म्हटल्यावर तुला काय वाटतं, ते विचारतेय." सुयोग म्हणाला, चांगली संधी आहे, तुझं करिअर आहे. ती म्हणाली, ते मलाही माहिती आहे. मग बराच वेळ ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली, दार वाजवून कोणी उघडायची वाट पाहतं तशी. सुयोगने आत शोधलं. अगदी प्रामाणिकपणे शोधलं. आत काही नव्हतं, फक्त पोटात वरच्या बाजूला ढवळत होतं. तो म्हणाला, पित्त झालंय बहुतेक, दुपारचे छोले बाधले. श्वेताने जुडी पुन्हा हातात घेतली. "प्यायचास तेव्हा रडायचास तरी," ती म्हणाली. "रात्रीचा रडायचास, सकाळी विसरायचास, पण घरात कोणीतरी आहे असं वाटायचं. आता तू प्यायचा थांबलास आणि घरात कोण राहतं तेच मला कळत नाही." तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. राग असता तर सुयोगला कळला असता, राग आवाजावरून ओळखू येतो.

नीलमने घरी सोडायला येते असं सांगून पाहिलं, पण तो ऐकला नाही, एकटाच मेट्रोने घाटकोपरला निघाला. डब्यातल्या थंड हवेत बनियनला लागलेला चिकटा सुकत चालला होता. खिडकीबाहेरून इमारतींच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे मागे जात होते. खिशातली पित्ताची गोळी त्याने चघळली. खडूची चव. ही चव त्याला आईची वाटे, जरी आई गोळ्या देत नसे. नलिनी घाडीगावकरांच्या घरात दोनच आजार होते, ताप आणि पित्त. कपाळ गरम असलं तर ताप, नाहीतर पित्त. शाळेतून मार खाऊन आलं, पोरगं जेवेना, पित्त. मित्राने खेळायला घेतलं नाही, पोरगं कोपऱ्यात बसलं, पित्त. बाप, काशीराम, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी खाकी कपडे घालून आरशासमोर उभा राहिला आणि डब्यातली भाकरी न खाताच संध्याकाळी परत आला, तेव्हाही आईने त्याच्यासमोर कोकमाचं पाणी ठेवलं आणि म्हणाली, पित्त झालाहा तुमका. बाप ते निमूट प्यायला. त्या घरात कोणी कोणाला काय झालं असं विचारत नसे, काय खाल्लं ते विचारत. आणि यात माया नव्हती असंही नाही. कोकमाच्या आगळाची बाटली उघडताना आईचा हात घाई करायचा, साखर दोन चमचे जास्त पडायची. तिला जेवढं येत होतं तेवढं ती करत होती. पण त्या गोड-आंबट पाण्याबरोबर पोराने एक गोष्ट गिळली ती कायमची, की आत जे काही होतं ते पोटाचं असतं, ते कोणाला सांगायचं नसतं, त्यावर काहीतरी प्यायचं असतं.

गावच्या एसटी स्टँडची एक आठवण त्याच्या आत खोल होती, पण ती त्या दिवशी आली नाही. ती नंतर आली. मेट्रोत त्याला आठवली ती दारू, कारण दारूची आठवण अजूनही न बोलावता येत असे. पहिल्यांदा प्यायला तो मामेभावाच्या लग्नात, मुलुंडला, हॉलच्या गच्चीवर, कोणीतरी कोल्ड्रिंकमध्ये ओतून दिली म्हणून. दुसऱ्या ग्लासानंतर छातीत काहीतरी सैल झालं. वीस वर्षं घट्ट बसलेलं झाकण फिरावं तसं. तो रडला. कशासाठी ते त्याला कळलं नाही, पण मामेभावाच्या गळ्यात पडून तो असा रडला की नवरदेवाला शेरवानी बदलावी लागली, आणि सगळे म्हणाले, सुयोग फार हळवा आहे रे. त्याला स्वतःलाही ते नवीन होतं. आपण हळवे आहोत हे त्याला आवडलं. लोक दारू दुःख विसरायला पितात म्हणे. सुयोगचं उलटं होतं. त्याला दुःख असल्याची खबरच दारू देत असे. पुढे खबर थांबली आणि नुसती दारू राहिली, तो भाग वेगळा. नोकऱ्या गेल्या, श्वेताच्या बांगड्या गेल्या, गंधालीच्या शाळेच्या गॅदरिंगला तो तिसऱ्या रांगेत झोपला. पण त्या सगळ्या घाणीतही प्यायलेल्या सुयोगला काहीतरी वाटत होतं, आणि ते बाहेर येत होतं.

सगळ्यात जास्त बाहेर येई ते गाऱ्हाण्यात. घाडी म्हणजे गावात देवासमोर उभं राहून साऱ्यांच्या वतीने बोलणारा माणूस. काशीरामच्या बापाने ते केलं, काशीरामने चाळीत केलं, आणि चाळ पाडून तिथे सोसायटीची बिल्डिंग उठली तरी वर्षातून एकदा, सत्यनारायणाला, पार्किंगमधल्या मांडवात गाऱ्हाणं होतच राहिलं. प्रत्येक घर एक नारळ आणतं आणि घाड्याला आपलं मागणं सांगतं, कोणाचं दुखणं, कोणाच्या पोरीचं लग्न. घाडी एकेक नारळ हातात घेऊन देवाला ते मागणं खणखणीत आवाजात ऐकवतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला म्हणतात, व्हय म्हाराजा. बाप थकला तसा सुयोग ते करू लागला. प्यायलेला असे, पण लोक चालवून घेत, कारण प्यायलेल्या सुयोगचं गाऱ्हाणं ऐकताना बायका पदर डोळ्यांना लावत. दुसऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन तो असं मागे की गुडघा जणू त्याचाच. स्वतःसाठी त्याने कधी काही मागितलं नाही. घाड्याने मागायचंही नसतं, स्वतःच्या घराचं सगळ्यात शेवटी, दोन शब्दांत उरकायचं असतं, लेकरांका सुखात ठेव, झालं.

आई गेली त्या दिवशीही, स्मशानातून परत येताना, त्याने मित्राला सांगितलं की पित्त खवळलंय, आणि ते दोघं रस्त्यातच बारमध्ये शिरले. तेराव्यापर्यंत तो घरी फक्त झोपायला आला. मग उपचार, कर्जतच्या बाजूचं व्यसनमुक्ती केंद्र, घाम, थरथर, सकाळची प्रार्थना, आणि परत. परत आलेला माणूस वजनाने कमी, वेळेवर उठणारा, पगार घरी आणणारा होता. शेजारचे चंद्रप्रकाश काका, सोसायटीचे सेक्रेटरी, त्याची पाठ थोपटून म्हणाले, सोन्यासारखा झालास. श्वेता पहिले काही महिने आनंदात होती. मग हळूहळू ती त्याच्याकडे थोडी वाकून पाहू लागली, विहिरीत पाहतात तशी. पाणी आहे का, दिसतंय का. गंधालीला वार्षिक परीक्षेत बक्षीस मिळालं तेव्हा तो म्हणाला, व्हेरी गुड. श्वेताच्या वडिलांचं निधन झालं तेव्हा तो सगळी धावपळ करून म्हणाला, मी आहे. सगळं बरोबर. कुठेही चूक दाखवता येणार नाही असं. त्याच सुमाराला काशीरामला अर्धांगाचा झटका आला. हातपाय थोडेफार सुधारले, वाचा गेली. सगळी गेली नाही, दोन शब्द राहिले. पाठांतराचे शब्द मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतात, डॉक्टर म्हणाले. चहा हवा का बाबा? व्हय म्हाराजा. पाय दुखतोय का? व्हय म्हाराजा. गंधाली मजेने विचारी, आजोबा, वरच्या मजल्यावरच्या काकू कटकट्या आहेत ना, आणि आजोबा ठामपणे म्हणत, व्हय म्हाराजा, आणि घर हसायचं. सुयोगही हसे. बापाचं आणि आपलं फार वेगळं चाललेलं नाही, हे त्याच्या मनात आलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी तो गटाला गेला. दारू सोडलेल्या माणसांचा हा गट पंतनगरच्या एका शाळेत भरे, खालच्या वर्गात, त्यामुळे दाढ्या पिकलेली माणसं गुडघे हनुवटीला लावून छोट्या बाकांवर बसत. भिंतीवर कागदाचा जिराफ होता. गट घेणाऱ्या रुक्मिणीताईंचा एकच नियम होता, ठीक, बरं आणि चाललंय हे शब्द इथे चालणार नाहीत. बसचा निवृत्त कंडक्टर माणिक प्रत्येक वेळी राग म्हणे. मुलगा बोलत नाही, राग. दात दुखतो, राग. त्यावर ताई म्हणत, रागाच्या खाली काय आहे ते बघा माणिकराव, आणि माणिकराव खाली वाकून बाकाखाली बघे. त्या दिवशी सुयोगची पाळी आल्यावर तो म्हणाला, छातीत जड होतं, ईसीजी काढला, नॉर्मल आहे. ताई म्हणाल्या, छातीने तिचं सांगितलं, तू तुझं सांग. तो म्हणाला, गरम होतंय. कोणीतरी हसलं. मग ताईंनी बराच वेळ सांगितलं, आणि ते सुयोगला कुणा तिसऱ्याविषयी असल्यासारखं नीट कळलं. काही घरांत आतलं कोणी नावाने हाक मारत नाही, त्यामुळे पोराचं अंग बोलायला शिकतं आणि जीभ मुकी राहते. पुढे दारू येते ती या मुक्याची दुभाषी होऊन. दुभाषी गेला की मुका पुन्हा मुका, वर आता एकटा. सुयोगने विचारलं, मग करायचं काय. "शब्द सापडत नसेल तर शब्द शोधू नकोस," ताई म्हणाल्या. "हे असंच पूर्वी कधी झालं होतं, तो प्रसंग सांग. शब्दाचं नंतर बघू." सुयोगने आठवून पाहिलं. असंच कधी झालं नव्हतं. निदान तिथे, त्या जिराफासमोर, त्याला तसं मनापासून वाटलं.

रविवारी सकाळी पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून मांडव घातला होता. केळीचे खांब, शिऱ्याचा वास, स्पीकरचा खरखराट. काशीरामला खुर्चीत बसवून खाली आणलं होतं, त्याला पांढरी टोपी घातली होती. पूजा आटोपली तशी माणसं एकेक नारळ घेऊन सुयोगकडे येऊ लागली. राजेशला व्हिसा मिळू दे. माझ्या सुनेला दिवस जाऊ देत. लिफ्टचं एकदाचं मार्गी लागू दे, हे चंद्रप्रकाश काकांचं. सुयोग मान डोलावत होता, एकही मागणं विसरणार नव्हता, ऐकून घेणं हा त्याचा धंदाच होता. या वर्षी दारू नव्हती आणि आवाज कसा लागेल याची त्याला थोडी धाकधूक होती, म्हणजे घसा कोरडा पडला होता. रांगेत शेवटी श्वेता होती. दर वर्षी घरचा नारळ गंधाली ठेवून जात असे. या वेळी श्वेता स्वतः आली, साडी नेसलेली, नथ घातलेली, दोन्ही हातांत नारळ. "आमचंही घाल," ती म्हणाली. "पुण्याची बदली सुखरूप पार पडू दे, असं माग." हे सांगताना ती नारळाकडे पाहत नव्हती, त्याच्याकडे पाहत होती. तिने नारळ दिला तरी हात लगेच सोडला नाही. चार माणसं बघत होती, तरी तिला थांबायचंच होतं. सुयोगला काहीतरी म्हणायला हवं होतं हे त्याला कळलं, आणि त्याच्या तोंडून आलं, "अजून काही?" तक्रार विभागात फोन संपवताना म्हणतात तसंच, त्याच चालीत. श्वेताने हात सोडला. नाही, म्हणाली, एवढंच.

तो उभा राहिला. स्पीकर बंद केला, गाऱ्हाणं माइकवर घालत नाहीत. पहिल्याच वाक्याला त्याला कळलं की आवाज लागला, प्यायलेल्या वर्षांपेक्षाही बरा. "बा देवा म्हाराजा, आज ह्या जाग्यार तुजी सगळी लेकरा जमली हत. तेंची काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल म्हाराजा." व्हय म्हाराजा, मांडव म्हणाला. सगळ्यांत मोठा आवाज काशीरामचा, खुर्चीतून, टोपी सावरत. राजेशचा व्हिसा झाला. सुनेचं झालं. लिफ्टच्या वेळी माणसं थोडी हसली. सुयोगच्या हातात एकेक नारळ येत होता आणि जात होता, आणि तो कुठेच नव्हता, नुसता आवाज होता. मग शेवटचा नारळ आला. त्याच्या शेंडीला श्वेताने लावलेलं कुंकू बोटाला लागलं. पाटा पुन्हा छातीवर आला, परवाचाच, तेवढाच जड. त्याने श्वास घेतला आणि वाक्य सुरू केलं, कारण सुरू केलेलं वाक्य पूर्ण करता येतं हे त्याला माहीत होतं. "आमची श्वेता आणि आमचा चेडू गंधाली पुण्याक जातहत म्हाराजा. तेंची वाट नीट कर. थय तेंका सुखात ठेव. तेंच्या जाण्यात कसलीच आडकाठी येवंक देऊ नको म्हाराजा." व्हय म्हाराजा. दर वर्षीपेक्षा थोडं दबकत, कारण बऱ्याच जणांना ही बातमी नवी होती. बायकांमध्ये कुजबुज झाली. गंधालीने व्हय म्हाराजा म्हटलं नाही, ती चपलेच्या अंगठ्याशी खेळत होती. श्वेताने मोबाइल काढला, त्यात काही केलं आणि परत कमरेला खोचला. सुयोगने नारळ चौरंगापाशी ठेवला. माणसं म्हणाली, झकास झालं, काशीरामाची आठवण आली. काशीराम समोरच बसला होता.

वर घरी आल्यावर सगळे आपापल्या कामाला लागले. श्वेताने माळ्यावरची मोठी बॅग काढली, पुसली, पलंगावर उघडून ठेवली. त्यात काही भरायची घाई नव्हती, महिना होता हातात, पण तिने नेसलेली साडी सोडून घडी घातली आणि दुसऱ्या साड्या काढायला घेतल्या. काशीराम हॉलमध्ये खिडकीशी शिऱ्याचा द्रोण घेऊन बसला. सुयोग स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर प्रसादाची नारळाची अर्धी वाटी पडली होती. त्याने आगळाची बाटली काढली, ग्लासात पाणी घेतलं, साखर घातली. पोटात वरच्या बाजूला ढवळत होतं, छातीत जड होतं, कानशिलं तापली होती. चमचा ढवळताना काचेवर वाजत राहिला. आतल्या खोलीतून बॅगेच्या कप्प्याच्या चेनचा आवाज आला, एक लांब सरळ आवाज, आणि तो ऐकल्याबरोबर त्याला एसटी दिसली.

लाल एसटी, मागच्या काचेवर धूळ. त्याला गावी काकाकडे ठेवून आईबाप मुंबईला परत निघाले होते. गिरणी नव्हती, चाळीत भाडं थकलेलं, वर्षभर पोरगं गावी राहू दे असं ठरलेलं. त्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एवढंच, आम्ही फणस घेऊन येतो, तू इथे काकीपाशी थांब. आईच्या हातात ट्रंक होती आणि फणस आणायला कोणी ट्रंक नेत नाही हे त्याला कळत होतं. एसटी हलली. आई मागच्या काचेतून पाहत होती, आणि त्याच्या पोटात वरच्या बाजूला असं काही झालं की तो स्टँडवरच खाली बसला. त्याला धावायचं होतं, ओरडायचं होतं, जाऊ नका म्हणायचं होतं. काकीने त्याच्या तोंडात ओवा कोंबला आणि शेजारणीला सांगितलं, पोराक पित्त झालाहा. त्याने ओवा चावला. तिखट, जिभेला बधिर करणारा. तोंडात ओवा असल्यावर ओरडता येत नाही.

"बाबा, पुन्हा पित्त?" गंधाली फ्रीजमधून पाण्याची बाटली काढायला आली होती. तिने हे नेहमीच्या सहजतेने विचारलं, आणि त्याच्या तोंडात नेहमीचं हो तयारच होतं. ग्लास ओठांपर्यंत गेला होता. तो त्याने परत ओट्यावर ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "पित्त नाहीये हे."

"मग?"

मग काय ते त्याला माहीत नव्हतं. रुक्मिणीताईंचे सगळे शब्द त्याने मनात एकेक उचलून पाहिले आणि एकही हाताला लागला नाही. तेव्हा तो प्रसंग सांगू लागला. ओट्याला टेकून, मुलीकडे न बघता, त्याने एसटी सांगितली, ट्रंक सांगितली, फणस सांगितला, ओवा सांगितला. मध्येच आवाज फाटला, आणि तो गाऱ्हाण्याचा आवाज नव्हता, त्याला माहीत नसलेला कुणाचा तरी बारीक आवाज होता. गंधाली बाटली हातात धरून उभी राहिली. ती चौदा वर्षांची होती आणि बापाकडून तिने आजवर एवढं सलग काही ऐकलं नव्हतं. श्वेता केव्हा दारात येऊन उभी राहिली ते त्याने पाहिलं नाही. तिच्या हातात अर्धी घडी घातलेली साडी होती.

"तसं होतंय," सुयोग म्हणाला. "तुम्ही जाणार म्हटल्यापासून तसंच होतंय. सेम तसंच."

श्वेताने हातातल्या साडीचा पदर चेहऱ्याशी नेला आणि लगेच खाली घेतला. "मी खाली होकार पाठवला, सुयोग," ती म्हणाली. "तू नारळ खाली ठेवलास ना, तेव्हाच. मला वाटलं, तू देवासमोर मागितलंस म्हणजे तुला तेच हवंय. मी तुला अडकवायला तो नारळ दिला होता. मला वाटलं होतं तू अडखळशील." तिने हातातली साडी आणखी एकदा दुमडली. "जरासा अडखळला असतास तरी चाललं असतं रे."

बाहेर पार्किंगमध्ये मांडव सोडायला घेतला होता, बांबू खाली पडल्याचे आवाज येत होते. सुयोग त्या दोघींकडे पाहत होता. आता छातीतलं जड काही कमी झालं नव्हतं, उलट वाढलं होतं, पण त्याला पहिल्यांदा ते कुठून येतंय ते कळत होतं, आणि आता ते कळून काही उपयोग नव्हता हेही कळत होतं. बॅग आतमध्ये उघडीच होती. श्वेता माघार घेणार नव्हती, ती तशी बाई नव्हती, आणि कदाचित तिने घेऊही नये असं त्यालाही वाटलं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्याने पुसलं नाही. दारू न पिता येणारं ते पाणी त्याच्या ओळखीचं नव्हतं.

"मला वाईट वाटतंय," तो मोठ्याने, प्रत्येक शब्द वेगळा करून म्हणाला. "मला खूप वाईट वाटतंय."

हॉलमधून, खिडकीपाशी बसलेल्या काशीरामने शिऱ्याचा द्रोण खाली ठेवला आणि नेहमीच्या ठाम आवाजात उत्तर दिलं, "व्हय म्हाराजा."

या वेळी घरात कोणी हसलं नाही.